परदेशी केंद्राला आमच्या गावांचा होकार

आमच्या भागातल्या लोकांनी विद्यापीठाला परदेशात केंद्र उघडायला एकमताने होकार दिला होता, असं मी आज कुणाला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, त्या लोकांना त्याचं काय पडलं होतं? काही पडलं नव्हतं. तो होकार मी गोळा केला होता. गावोगाव फिरून, लोकांना पटवून, त्यांच्या मनातलं 'नाही' बाजूला सारून मी तो मिळवला. त्याबद्दल मला कधी कुणी बोल लावला नाही. एकदा कुणी खडसावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. मी तेव्हा अर्जुनी मोरगावजवळच्या एका लहानशा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी असेन तोवर मी प्राध्यापक, घंटा झाली की कुणी नाही. विज्ञान शाखेला आम्ही चौघं शिकवायचो आणि चौघंही असेच घंटेवरचे. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही आणि विद्यापीठाचंही नाही. लिहिलं तरी त्यांच्यापैकी कुणी हे वाचणार नाही, ती गोष्ट वेगळी.

बी.एस्सी. आमच्याकडे नवीनच सुरू झालं होतं. पहिली तुकडी दुसऱ्या वर्षात आली होती आणि तिसऱ्या वर्षाची परवानगी विद्यापीठाकडून यायची होती. तुकडीत अकरा जण होते, त्यांत नऊ मुली. मुलं सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला जाऊन शिकत. मुलींना घरून पाठवत नसत. शहरातली माणसं याला मागासलेपण म्हणतात. गाडी तीन तास उशिरा येणार असं कळल्यावर आपल्या पोरीची स्टेशनात वाट पाहत ज्यांना कधी बसावं लागलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. आमच्याकडच्या बापांना पोरगी शिकायला नको होती असं नाही. ती संध्याकाळी घरी यायला हवी होती, एवढंच.

त्या नऊ जणींत एक नवेगाव बांधची होती. वडील तलावात जाळं टाकायचे, आई मासे टोपलीत घेऊन आजूबाजूच्या गावांत विकायची. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणं म्हणाल तर एका कपाटात मावतील एवढी. प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्याशी जुळलं नाही की बाकीच्या मुली गुपचूप आकडा फिरवून जुळवून टाकत. सगळीकडे टाकतात, मीही कॉलेजात असताना टाकायची. ही मात्र जे आलं तेच लिहायची आणि खाली लिहायची, 'उत्तर चुकले. कारण सापडले नाही.' मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा हसले होते. मग तिचं कारण शोधायला मीही तिच्यासोबत दोन दिवस बसले, आणि लंबकाच्या दोऱ्याला पीळ बसला होता असं निघालं. तेव्हापासून ती माझी लाडकी. शिक्षकाने असं करू नये, पण झालं खरं.

तिच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं. गावाजवळ कॉलेज आहे तोवर शिकू दे. साकोलीकडचं एक स्थळ तिच्या आत्याने आणून ठेवलं होतं आणि ते लोक थांबायला तयार होते, पण किती दिवस? तिसरं वर्ष आमच्याकडे उघडलं तर ती पदवीधर होणार, नाही उघडलं तर उन्हाळ्यातच लग्नाची बोलणी. हे ती मला वर्गाबाहेर, सायकलचं कुलूप काढता काढता सांगायची, जणू पाऊसपाण्याचं बोलते आहे.

डिसेंबरमध्ये परवानगीसाठी समिती येऊन गेली. तीन माणसं होती. नवेगावचे मासे आणि नव्या तांदळाचा भात चापून जेवली, प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांनी विचारलं. प्राचार्य म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. ती प्रक्रिया कॉलेज निघाल्यापासून सुरू होती. समितीने मान हलवली आणि गाडीत बसली. फाईल लटकली.

आणि जानेवारीत ते परिपत्रक आलं.

विद्यापीठाला परदेशात, आखाताकडच्या कुठल्याशा शहरात, आपलं केंद्र उघडायचं होतं. त्या वर्षांत टीव्हीवर रोज चर्चा चालायच्या, परदेशी विद्यापीठं आपल्याकडे येऊ द्यायची की नाही. आमच्या विद्यापीठाने ठरवलं की ते येण्याआधी आपणच तिकडे जावं. त्यासाठी 'समाजाच्या सर्व स्तरांतील जनमत' हवं होतं. प्रत्येक कॉलेजने पालक, शेतकरी, व्यावसायिक आणि नागरिक यांच्याकडून दोनशे फॉर्म भरून आणावेत. प्राचार्यांनी मला बोलावलं. ते गोंदियाकडचे, पोवार कुटुंबातले, स्वभावाने भले आणि भित्रे. बोलता बोलता हिंदीत शिरायची त्यांची सवय.

"मॅडम, हे काम तुम्ही करा. लोग आपको मानते हैं."

"सर, तिसऱ्या वर्षाचं काय झालं?"

"तेच सांगतोय. हे फॉर्म चांगले गेले तर आपली फाईल वर येईल."

"असं कुणी म्हणालं?"

"कुणी म्हणत नसतं. समझ लेना पड़ता है."

मी समजून घेतलं. माझी पहिली चूक ती. साहेबाच्या मनात काय असेल ते आपणच ओळखायचं, ते खरं धरायचं आणि त्यावर धावायचं, ही आमच्याकडच्या शिकलेल्या माणसांची रीतच आहे. विद्यापीठाला आमच्या होकाराने आनंद होईल आणि त्या आनंदात ते आमची फाईल उघडतील, हे आम्ही दोघांनी त्या खोलीत बसून ठरवलं. तिकडे कुणाला याचा पत्ताही नव्हता.

फॉर्मवर पाच प्रश्न होते. चार पुढच्या बाजूला, होय की नाही अशा चौकटींचे. विद्यापीठाने परदेशात केंद्र स्थापन करावे असे आपणास वाटते काय? यामुळे विद्यापीठाची जागतिक प्रतिमा उंचावेल काय? असे. पाचवा मागच्या बाजूला, 'अन्य सूचना', आणि खाली दोन रिकाम्या ओळी.

पहिला फॉर्म मी माझ्या वडिलांकडून भरून घेतला. ते रेल्वेत गँगमन होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. मला वाटलं होतं ते उडवून लावतील. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं आणि ठामपणे 'होय' केलं. मी विचारलं, का? म्हणाले, "आपल्या समाजातला सगळ्यात मोठा मानूस समुद्रापार जाऊन शिकून आला, म्हनून आज तू मास्तरीन झाली. आता आपलं विद्यापीठच समुद्रापार जाऊन राहिलं, तर त्याले नाही कायले म्हनू?" त्यांचं 'होय' खरं होतं. दोनशेतलं कदाचित तेवढंच.

कारण बाजारात, चहाच्या टपऱ्यांवर मला भेटला तो निव्वळ नकार. कुणी रागाने, कुणी थट्टेने. "आपल्या परीक्षेचा निकाल आठ महिने लागत नाही, हे तिकडं जाऊन काय उजेड पाडतीन?" असं एक जण म्हणाला. 'आपल्या परदेशस्थ नातेवाइकांना या केंद्राचा लाभ होईल काय' या प्रश्नावर एका बाईने विचारलं, जावई नागपूरला आहे, तो धरायचा का? कापडवाला म्हणाला, "खोलने दो मैडम, अपना क्या जाता है." हा मला मिळालेला दुसरा होकार. पहिल्या आठवड्यात माझ्या पिशवीत वीस फॉर्म होते आणि त्यांतले सतरा 'नाही'. मी ते प्राचार्यांना दाखवले. त्यांनी ते टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि म्हणाले, "हे राहू द्या. नवीन भरा."

नंतर मी केशोरीला गेले. केशोरी मोठं गाव, धानाचं. तिथे मी घरोघर जायला निघाले तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला थांबवलं. पाटाच्या पाण्याच्या पाळीचं भांडण असो की दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे गावजत्रेचं, नाटक ठरवणं असो, त्या भागातली गावं एकत्र बसून एक मत करतात. वेगवेगळी मतं घेणं त्यांना भांडण लावण्यासारखं वाटतं. "एकेकाले काऊन विचारून राहिल्या, मॅडम? गावाचं मत एकच राहीन," तो म्हणाला आणि त्याने सभामंडपात माणसं जमवली. चाळीसेक पुरुष आणि मागे भिंतीला धरून बाया.

मी विषय सांगितला. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न विचारला. "तिथं आपले पोट्टे शिकाले जातीन का?"

"नाही. तिथेच राहणारी मुलं शिकतील."

"मंग त्यायच्यासाठी आपलं विद्यापीठ तिकडं जाऊन राहिलं. अन आपल्या पोट्ट्यायसाठी कोन येऊन राहिलं?"

मंडपात कुणी हसलं नाही. मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला, त्यात याचं उत्तर नव्हतं. वर्गात माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. दहा मिनिटांत गावाचं मत झालं, 'नाही'. फॉर्म हातोहात वाटले गेले आणि पेनं निघाली.

तिथे मी घाबरले. शंभर नकार घेऊन मी विद्यापीठाच्या दारात उभी आहे आणि आमची फाईल कायमची बंद होते आहे, असं मला दिसायला लागलं. मी उठून उभी राहिले. म्हणाले, थांबा. आपण निवेदन कसं देतो? आधी साहेबाचे आभार मानतो, त्यांचं काम चांगलं आहे म्हणतो आणि मग खाली आपली मागणी लिहितो. तसंच करा. वर 'होय' करा, आणि मागच्या बाजूला ओळी आहेत तिथे लिहा, आमच्या कॉलेजात बी.एस्सी.चं तिसरं वर्ष सुरू करावं.

हे त्यांना एका क्षणात पटलं. धरणाच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, विजेसाठी त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय. आधी साहेबाचं, मंग आपलं." आणि मी फळ्यावर लिहावं तसं ते वाक्य मोठ्याने सांगितलं, दोनदा, आणि चाळीस माणसांनी आणि पंधरावीस बायांनी ते मागच्या बाजूला लिहिलं. ज्यांना येत नव्हतं त्यांचं शेजाऱ्याने लिहिलं. कुणी नुसतं 'तिसरे वर्ष पाहिजे' असं लिहिलं, कुणी 'माझी मुलगी पुढे शिकेल, कृपा करावी' असं. एकीने शेजारणीकडून 'साहेब, मुलींसाठी' एवढंच लिहून घेऊन खाली अंगठा लावला होता. बसमध्ये मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी जिंकले असं मला वाटत होतं.

मग मी सगळीकडे तसंच केलं. गावात जायचं, बसायचं, आधी नकार ऐकून घ्यायचा, मग निवेदनाची रीत समजावायची. पंधरा दिवसांत दोनशेच्या वर फॉर्म झाले.

नवेगाव बांधला ती मुलगी माझ्यासोबत फिरली. जंगलालगतच्या वस्त्यांमध्ये कागदावर सही म्हटली की लोकांना पहिली शंका येते ती राष्ट्रीय उद्यानासाठी गाव उठवण्याची, म्हणून तिचं असणं गरजेचं होतं. ती प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगायची. तिच्या वडिलांनीही सही केली. माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी म्हनता म्हनून करून राहिलो." शेवटी तिने स्वतःसाठी एक फॉर्म घेतला, भिंतीला टेकून भरला आणि मला दिला. चारही चौकटींत 'नाही'. मागे काहीच नाही.

"हे काय?" मी म्हणाले.

"मला तसंच वाटतं मॅडम. आपलं होत नाही आहे तर तिकडं कशाला? मी खरं लिहिलं."

"अगं, आपल्याला परवानगी हवी आहे ना? मग आत्ता खरं-खोटं कशाला काढतेस?"

मी तिच्या हातात नवा फॉर्म दिला. म्हणाले, "मत तुझं आहे, पण तिसरं वर्षही तुझंच आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि नवा फॉर्म भरला. होय, होय, होय, होय. जुना मी फाडला. वर्षभर जिने एकही उत्तर जुळवलं नव्हतं, तिच्याकडून मी उत्तर जुळवून घेतलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत दोन गाड्या बदलून मी गठ्ठा घेऊन विद्यापीठात गेले. खिडकीतल्या कारकुनाने तो घेतला, एक छापील तक्ता काढला आणि फॉर्म मोजायला लागला. होय, होय, होय. तो फक्त वरची बाजू बघत होता. पत्ते वाटावेत तसे फॉर्म त्याच्या हातातून सरकत होते.

"मागे सूचना आहेत," मी म्हणाले. "त्या महत्त्वाच्या आहेत."

"मागचा रकाना आमच्या तक्त्यात नाही."

"पण लोकांनी लिहिलंय. एकदा वाचून तरी बघा."

"मॅडम, तुमच्या मागे रांग आहे. कशाला अडवून धरता?"

मी हटले नाही. मला आत कुणाला तरी भेटायचं आहे म्हणाले. शेवटी एका उपकुलसचिवांच्या खोलीत मला नेलं. त्यांनी तक्ता पाहिला आणि खुर्चीतून चक्क उठले. "शंभर टक्के होय? संपूर्ण विद्यापीठात असं एकही कॉलेज नाही. शहरातले लोक नाकं मुरडतात आणि तुमच्या त्या जंगलातल्या लोकांची केवढी दूरदृष्टी!" त्यांनी मला चहा मागवला. मी तिसऱ्या वर्षाचं बोलले. फॉर्म उलटा करून त्यांच्यापुढे धरला, 'साहेब, मुलींसाठी' असं लिहिलेला. त्यांनी तो वाचला. खरंच वाचला. मग म्हणाले, "हा विभाग वेगळा आहे. त्यांच्याकडे स्वतंत्र मागणी यायला हवी." मी म्हणाले, मग हे फॉर्म त्यांच्याकडे पाठवा. ते म्हणाले, हे जनमताचे कागद आहेत, इथून हलवता येत नाहीत. मी म्हणाले, मग मला परत द्या. ते हसले. इतकं चांगलं जनमत कुणी परत देतं का? मी त्यांच्यापुढे हात जोडले. मला नाही वाटत मी त्याआधी किंवा त्यानंतर कुणापुढे तसे जोडले असतील. त्यांनीही उलट नमस्कार केला, त्यांना वाटलं मी निघाले.

परत आल्यावर मी प्राचार्यांना म्हणाले की आता स्वतंत्र निवेदन द्या. त्यांनी दिलं असं ते सांगत होते. परीक्षेचा हंगाम होता, पर्यवेक्षणाच्या धावपळीत मी पोच मागितली नाही. पुढे कळलं, निवेदन टाईप झालं होतं, पण पाठवायला संस्थेच्या अध्यक्षांची सही हवी होती आणि अध्यक्ष लग्नसराईत होते. मार्चमध्ये वर्तमानपत्रात मोठी बातमी आली, विद्यापीठाच्या परदेशी केंद्राला दुर्गम भागातल्या जनतेचाही भरघोस पाठिंबा. वडिलांनी ते कात्रण कापून भिंतीवर लावलं. मी काढायला गेले तर म्हणाले, राहू दे, तुझंच काम होय ना हे?

मेच्या शेवटी पत्र आलं. तिसऱ्या वर्षास परवानगी नाकारण्यात येत आहे. कारणं चार होती. पूर्णवेळ शिक्षक नाहीत, प्रयोगशाळा अपुरी, विद्यार्थिसंख्या कमी. आणि चौथं, 'परिसरातून सदर अभ्यासक्रमाची मागणी असल्याचे दर्शविणारे कोणतेही निवेदन प्राप्त झालेले नाही.' मी ते वाक्य प्राचार्यांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. पहिली तीन कारणं खरी होती. चौथं वाचून मी खाली फरशीवर बसले. दोनशे माणसांनी ते लिहून दिलं होतं, माझ्या तोंडून ऐकून, माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी केशोरीला धावले. नव्या सह्या घ्यायच्या, स्वतः नेऊन द्यायच्या, त्यांच्या दारात बसायचं, असं काहीबाही मनात होतं. म्हातारा शेतात होता. मला बघून बांधीतून, धानाच्या खाचरातून, वर आला. मी कागद काढले तर म्हणाला, "मॅडम, आमी तर लिवून देल्लं होतं. काऊन, पोचलं नाही का?" मी सांगितलं, पोचलं, पण वाचलं नाही. त्याने माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाला, "आमचं नाही होतं. तुमी होय म्हनाले लावलं." त्यात राग नव्हता. हिशेब नीट करून घ्यावा तसं त्याने ते म्हटलं आणि सही करून कामाला गेला. त्या दिवशी मला अकरा सह्या मिळाल्या. बाकीचे घरी असून बाहेर आले नाहीत.

परदेशातलं केंद्र पुढे सुरू झालं, असं दोनेक वर्षांनी मी ऐकलं. तिकडे कामाला गेलेल्या आपल्याच लोकांची मुलं तिथे शिकतात म्हणे, आणि मुली जास्त आहेत, कारण आईबाप त्यांना एकटीला इतक्या दूर भारतात पाठवायला तयार नसतात. हे ऐकल्यावर मला त्या केंद्राचा राग करता येईना. तिथेही कुणी तरी बाप पोरगी संध्याकाळी घरी यावी म्हणत असेल. त्यांच्यासाठी विद्यापीठ समुद्र ओलांडून गेलं. मला फक्त एवढंच कळत नाही की तोच बाप नवेगावचा असला की त्याचं म्हणणं कुणालाच का ऐकू येत नाही.

सगळ्यात शेवटी, त्याच वर्षी जूनमध्ये, मी नवेगाव बांधला गेले. नऊपैकी दोघी गोंदियाला जाणार होत्या, चौघींनी कॉलेज सोडलं होतं, दोघी अजून विचारात होत्या. उरली ती. गोंदियाच्या एका कॉलेजचा प्रवेश अर्ज आणि माझ्या मावशीची चिठ्ठी मी सोबत नेली होती. मावशी गोंदियात एकटी राहायची, मुलीला ठेवून घ्यायला तयार होती. मासेमारी बंद होती. तिचे वडील दारापुढे जाळं पसरून विणत बसले होते, ती आत काही निवडत होती, आई उंबऱ्यात.

मी बोलायला सुरुवात केली. फक्त एक वर्ष. शनिवारी घरी येईल. मावशी आईसारखी आहे. मी स्वतः दर आठवड्याला जाऊन बघीन. ते ऐकत होते, हात थांबले नव्हते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग जाळं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, तिथं तुमी शिकवसान का?"

"नाही. मी तिथली नाही."

"मंग इथं शिकवसान?"

"इथला वर्गच बंद झाला. तिसरं वर्ष नाही म्हटल्यावर संस्थेने विज्ञान शाखाच काढून टाकली. माझंही काम गेलं."

त्यांना हे माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे. मंग आता तुमी काय करसान, बाई?"

जानेवारीपासून जूनपर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ना प्राचार्यांनी, ना विद्यापीठात कुणी, ना घरी. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, लहान मुलासारखं, आवाज करून. ज्या माणसाच्या पोरीचं वर्ष वाचवायला मी आले होते, त्याच्याच अंगणात मी स्वतःसाठी रडत होते. तिची आई धावत पाणी घेऊन आली. वडील जाळ्यावरून उठले आणि काय करावं ते न कळून नुसतेच उभे राहिले.

मग ती बाहेर आली. माझ्याजवळ बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या मॅडम. रडू नका ना. मी नाही जात गोंदियाला. मला जायचंच नव्हतं."

ती खोटं बोलत होती. मला ते कळलं, तिच्या आईलाही कळलं. मी तिला तिथेच अडवायला हवं होतं, वडिलांना पुन्हा विनवायला हवं होतं, आणखी एकदा, आणखी दहादा. पण तिचा तो हात पाठीवर होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. मी डोळे पुसले, पाणी प्यायले आणि अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.